कटिंगच्या घोड्याची वंशावळ कशी वाचावी आणि घोडी भरवण्याआधी काय पाहावं

टेक्सासमधल्या फोर्ट वर्थ शहरात दर वर्षाच्या शेवटी, नोव्हेंबर-डिसेंबरात, विल रॉजर्स कोलिझियममध्ये तीन वर्षांच्या घोड्यांची कटिंगची, म्हणजे गुरांच्या कळपातून एक जनावर वेगळं काढून त्याला परत जाऊ न देण्याची, एक मोठी स्पर्धा होते. तिचं नाव फ्यूचुरिटी. ती भरवणारी नॅशनल कटिंग हॉर्स असोसिएशन १९४६ साली स्थापन झाली आणि पहिली फ्यूचुरिटी १९६२ मध्ये स्वीटवॉटर या गावी झाली. याच दिवसांत तिथे घोड्यांचे लिलाव असतात, आणि नवखा माणूस पहिल्यांदा तिथेच फसतो. कॅटलॉग उघडतो, बापाचं गाजलेलं नाव पाहतो आणि हात वर करतो.

डॅलस-फोर्ट वर्थच्या आसपास थोडी जमीन घेऊन घोडी पाळायचा विचार करणारी मराठी माणसं, किंवा लांबूनच या खेळाच्या नादी लागलेले वाचक, यांच्यासाठी हे लिहितो आहे. माझं म्हणणं एवढंच आहे की कॅटलॉगचं पान खालून वर वाचायला शिका. बापाचं नाव सगळ्यांना दिसतं. आईकडे, आजीकडे आणि तपासणीच्या रिपोर्टकडे फार थोडे जण वेळ देऊन पाहतात.

पहिलं काम: खेळ पाहा, आणि स्वाराकडे नको, घोड्याकडे पाहा

प्रत्येक स्वाराला अडीच मिनिटं मिळतात. घोडा गुरांच्या कळपात सावकाश, कुणाला न बिथरवता शिरतो. स्वार एक जनावर निवडून त्याला कळपाबाहेर काढतो. अडीच मिनिटांत साधारण दोन-तीन जनावरं होतात आणि त्यातलं निदान एक तरी कळपाच्या आतून काढावं लागतं, नुसतं कडेचं उचलून चालत नाही. मदतीला चार स्वार असतात. दोघे कळप धरून ठेवतात आणि दोघे समोरून जनावराला परत घोड्याकडे वळवतात.

जनावर वेगळं झालं की स्वार लगामाचा हात खाली, घोड्याच्या मानेवर टेकवतो आणि दुसऱ्या हाताने खोगिराची मूठ धरतो. इथून पुढे घोडा एकटाच काम करतो. जनावराला कळपात परत जायचं असतं आणि घोडा ते होऊ देत नाही. चांगली घोडी अशा वेळी पुढून इतकी खाली बसते की छाती वाळूला लागेल असं वाटतं. कान जनावरावर रोखलेले, नाक त्याच्या नाकासमोर. जनावर डावीकडे वळायच्या आत तिचं वजन मागच्या पायांवर गेलेलं असतं. लगाम ओढलेला दिसला तर गुण कापतात. जनावर निसटून कळपात परत गेलं तर थेट पाच गुण जातात. प्रत्येक परीक्षक ६० ते ८० मध्ये गुण देतो आणि ७० म्हणजे ठीकठाक काम. मोठ्या स्पर्धेत पाच परीक्षक असतात. त्यांतला सर्वांत वरचा आणि सर्वांत खालचा आकडा काढून उरलेल्या तिघांची बेरीज करतात, म्हणून फलकावर २१५, २२० असे आकडे दिसतात.

हे सगळं आधी पाहायचं कारण असं की रक्तातून येतं ते नेमकं काय हे इथेच कळतं. शिकवणारा माणूस घोड्याला थांबायला शिकवतो, वळायला शिकवतो, कळपात शांत राहायला शिकवतो. पण जनावर कुठे वळणार हे त्याच्याआधी ओळखणं आणि त्याला अडवण्यात गोडी वाटणं, ही गुरांची जाण घोड्याच्या अंगात असावी लागते. मागच्या पायांची ताकद, खाली असलेली ढोपरं (मागच्या पायाच्या मधले सांधे), लहानखुरी बांधणी हेही रक्तातूनच येतं. या खेळातले बहुतेक घोडे १४ ते १५ हात उंचीचे (इथे एक हात म्हणजे चार इंच), म्हणजे शर्यतीच्या घोड्यापेक्षा बरेच बुटके असतात. तिसरी गोष्ट स्वभावाची. दोन वर्षांच्या वयापासून रोज काम करूनही मन न विटणारा घोडा हवा. वंशावळ वाचताना हे तीन प्रश्न मनात ठेवा: जाण कुठून आली, शरीर कुठून आलं, स्वभाव कुठून आला?

दुसरं काम: कागद हातात घ्या

हे घोडे जवळजवळ सगळे अमेरिकन क्वार्टर हॉर्स जातीचे. या जातीची नोंदणी संस्था १९४० साली फोर्ट वर्थमध्येच सुरू झाली. तिच्या नोंदणीपत्रावर वरच्या अर्ध्यात बापाची बाजू आणि खालच्या अर्ध्यात आईची बाजू छापलेली असते. दर पिढीला नावं दुप्पट होतात: दोन, चार, आठ.

एक रीत लगेच लक्षात ठेवा. दोन घोड्यांचा बाप एकच असेल तर इथले लोक त्यांना भाऊ म्हणत नाहीत. सावत्र भावंडं म्हणायची ती एका आईची. कारण साधं आहे. गाजलेल्या घोड्याची शेकडो शिंगरं असतात आणि त्या नात्याला काही वजन राहत नाही. घोडीच्या पोटची मात्र बोटांवर मोजण्याएवढी. विकणारा "हा अमक्या विजेत्याचा भाऊ" म्हणाला, तर आई एकच आहे का, एवढंच विचारा.

इंटरनेटवर फुकट वंशावळी दाखवणाऱ्या साइट्स आहेत. अभ्यासाला त्या उत्तम, पण त्यांत लोक स्वतः माहिती भरतात आणि चुका राहतात. पैसे देण्याआधी नोंदणी संस्थेचाच कागद पाहायचा.

तिसरं काम: मोजकी घराणी पाठ करा

शंभर नावं पाठ करायची गरज नाही. आजचा जवळजवळ प्रत्येक कटिंगचा घोडा थोड्याच मुळांपाशी जाऊन पोचतो.

पहिलं मूळ किंग, १९३२ सालचा. त्याचा मुलगा पोको ब्वेनो १९४४ चा, टेक्सासच्या वॅगनर घराण्याकडे वाढलेला. पोको ब्वेनोच्या लेकी गुरांच्या कामात तरबेज निघाल्या आणि त्यांतली सर्वांत नावाजलेली पोको लीना.

दुसरं मूळ डॉक बार, जन्म १९५६, ॲरिझोनातला. हा घोडा शर्यतीसाठी पैदा केला होता. चार शर्यती धावला आणि एकूण ९५ डॉलर कमावले. पुढे दिसण्याच्या स्पर्धांत त्याने नाव काढलं. गुरांमागे तो स्वतः कधी गाजला नाही. तो कॅलिफोर्नियातल्या जेन्सन दांपत्याकडे आला आणि पोको ब्वेनोच्या घराण्यातल्या घोड्या त्याच्याकडे भरवायला सुरुवात झाली, तेव्हा सगळं चित्र पालटलं. डॉक बारकडून चपळ, हलकं, देखणं शरीर आलं आणि आयांकडून गुरांची जाण. ही जोड इतकी जमली की पुढच्या पन्नास-साठ वर्षांची पैदास तिच्यावर उभी राहिली.

पोको लीनाची हकिगत इथे सांगायलाच हवी. १९४९ ची ही घोडी वर्षानुवर्षं मोठ्या स्पर्धांत वरच्या क्रमांकावर होती. १९६२ मध्ये तिचा मालक विमान अपघातात गेला. त्या गडबडीत ती वाहतुकीच्या ट्रेलरमध्येच राहिली आणि चार दिवस कुणाच्या लक्षात आलं नाही. तिच्या खुरांना कायमची इजा झाली, म्हणजे खेळ संपला. जेन्सन मंडळींनी तिला पैदाशीसाठी घेतलं. ती गाभण राहणंही अवघड होतं. अखेर डॉक बारकडून तिला दोनच शिंगरं झाली: १९६७ मध्ये डॉक ओलीना आणि १९६८ मध्ये ड्राय डॉक. डॉक ओलीनाने १९७० ची फ्यूचुरिटी जिंकली आणि ड्राय डॉकने १९७१ ची. एकाच घोडीची दोन शिंगरं, आणि दोन्ही लागोपाठच्या वर्षी विजेती. आईची बाजू आधी वाचा, असं मी का म्हणतो त्याचा हा पहिला पुरावा.

तिसरं मूळ पेपी घराण्याचं. लिओ सॅन हा बाप आणि पेपी बेल ही आई, यांची दोन सख्खी मुलं: पेपी सॅन आणि मिस्टर सॅन पेपी. मिस्टर सॅन पेपीचा मुलगा पेपी सॅन बॅजर, ज्याला सगळे लिटल पेपी म्हणत. किंग रँच या टेक्सासमधल्या रँचच्या या घोड्यावर बस्टर वेल्च या स्वाराने १९७७ ची फ्यूचुरिटी जिंकली. हाच वेल्च पहिल्या, १९६२ च्या फ्यूचुरिटीचाही विजेता होता आणि ड्राय डॉकवरही तोच होता.

चौथी फ्रेकल्सची शाखा. १९७३ साली जन्मलेले कर्नल फ्रेकल्स आणि फ्रेकल्स प्लेबॉय हे दोघे ज्युवेल्स लिओ बार्सचे. कर्नल फ्रेकल्सने १९७६ ची फ्यूचुरिटी जिंकली. या शाखेची नावं आज बहुतेक आईच्या बाजूला सापडतात.

मग या मुळांची गुंफण सुरू होते. डॉक ओलीना आणि पेपी सॅनची लेक स्मार्ट पेपी यांचा मुलगा स्मार्ट लिटल लीना, १९७९ चा. त्याने १९८२ ची फ्यूचुरिटी जिंकली. पुढच्या वर्षी चार वर्षांच्या घोड्यांच्या दोन्ही मोठ्या स्पर्धाही जिंकून तिहेरी मुकुट मिळवणारा तो पहिला घोडा ठरला. त्याच्यावर स्वार होता बिल फ्रीमन, आणि डॉक ओलीनाला फ्यूचुरिटी जिंकून देणारा स्वार होता बिलचे वडील शॉर्टी फ्रीमन. घोड्यांचे बापलेक आणि स्वारांचेही बापलेक, असा योग क्वचितच येतो.

स्मार्ट लिटल लीनाच्या लेकीच्या पोटी, १९८८ मध्ये, हाय ब्राऊ कॅट जन्मला. त्याच्या शिंगरांनी कमाईचे जुने आकडे मागे टाकले. त्याचा मुलगा मेटॅलिक कॅट २००५ चा, लालसर रोन (पांढरे केस मिसळलेल्या) रंगाचा, २००८ चा फ्यूचुरिटी विजेता. आजच्या कॅटलॉगमध्ये ही दोन नावं पानोपानी दिसतील.

चौथं काम: एकच नाव किती वेळा येतं ते मोजा

एक कागद घ्या आणि हाय ब्राऊ कॅटची वंशावळ स्वतः काढा. बापाकडून: हाय ब्राऊ हिकरी, त्याचा बाप डॉक्स हिकरी, त्याचा बाप डॉक बार. म्हणजे तिसऱ्या पिढीत डॉक बार. आईकडून: स्मार्ट लिटल किटी, तिचा बाप स्मार्ट लिटल लीना, त्याचा बाप डॉक ओलीना, त्याचा बाप पुन्हा डॉक बार. म्हणजे चौथ्या पिढीत. याला तीन-चार असं म्हणतात.

आता हिशेब. तिसऱ्या पिढीतल्या पूर्वजाचा वाटा साडेबारा टक्के, चौथ्या पिढीतल्याचा सव्वासहा. बेरीज पावणेएकोणीस टक्के. आणि एकाच पूर्वजाकडून आलेला गुणसूत्राचा तोच तुकडा दोन्ही बाजूंनी मिळण्याची शक्यता, फक्त डॉक बारपुरती, चौसष्टात एक, म्हणजे सुमारे दीड टक्का. हे फार नाही. पण आता मेटॅलिक कॅटकडे या. त्याची आई शेर्स शॅडो ही पेप्टोबूनस्मॉलची लेक. पेप्टोबूनस्मॉलची आई रॉयल ब्लू बून, तिचा बाप बून बार, आणि बून बारचा बाप डॉक बार. म्हणजे मेटॅलिक कॅटच्या वंशावळीत डॉक बार निदान तीन वाटांनी येतो. अशा घोड्याकडे तुम्ही हाय ब्राऊ कॅटचीच नात असलेली घोडी नेली, तर ती गाठ किती घट्ट होईल ते मोजल्याशिवाय पुढे जाऊ नका.

जवळच्या रक्तात पैदास करून गुण पक्के करता येतात हे खरं आहे, आणि या खेळातले जाणकार ते मुद्दाम करतात. पण गुणांबरोबर दोषही पक्के होतात. नवख्याने पहिल्या पिढीसाठी तरी थोडं लांबचं रक्त शोधावं असं माझं मत आहे.

पाचवं काम: कमाईच्या आकड्यांना प्रश्न विचारा

घोड्याच्या जाहिरातीत सर्वांत मोठ्या अक्षरात एकच आकडा असतो: त्याच्या शिंगरांची एकूण कमाई. तो आकडा पाहून भारावू नका. ज्याच्याकडे दरवर्षी शेकड्याने घोड्या येतात त्याची बेरीज मोठी होणारच. त्याच्याकडे येणाऱ्या घोड्याही देशातल्या सर्वोत्तम असतात आणि त्याची शिंगरं सर्वांत चांगल्या शिक्षकांकडे जातात. त्या कमाईत त्याचा स्वतःचा वाटा किती हे एकूण बेरजेतून कळत नाही.

विचारायचं ते असं: स्पर्धेच्या वयाची शिंगरं किती? त्यांतली किती प्रत्यक्ष उतरली? पैसे कितींनी मिळवले? दर शिंगरामागे सरासरी काय? एखाद्या मोठ्या विजेत्याला बाजूला काढलं तर सरासरी कितीवर येते? शेवटचा प्रश्न मी कधी सोडत नाही. तरुण घोड्याची पहिली शिंगरं अजून तीन वर्षांचीही नसतील, तर तुम्ही त्याच्या स्वतःच्या कामावर आणि त्याच्या आईवर पैज लावता आहात. ती लावायला हरकत नाही, पण ती पैज आहे हे मनाशी पक्कं असू द्या.

रंगाबद्दल एकच वाक्य: रोन रंगाची हौस असेल तर असो, पण निवडीत तो शेवटी.

सहावं काम: आईची बाजू

लिलावाच्या कॅटलॉगमध्ये पानाच्या मध्यापासून खाली पहिली आई, दुसरी आई (म्हणजे आईची आई), तिसरी आई (तिची आई) अशी माहिती असते. आईची कमाई, तिची शिंगरं, त्यांची कमाई. इथे घाई करू नका.

रॉयल ब्लू बून या घोडीचं उदाहरण घ्या. जन्म १९८०. तिच्या पोटी लिटल पेपीकडून पेप्टोबूनस्मॉल झाला, ज्याने १९९५ ची फ्यूचुरिटी जिंकली. स्मार्ट लिटल लीनाकडून रेड व्हाइट अँड बून झाला. फ्रेकल्स प्लेबॉयकडून बेट यर ब्लू बून्स आणि ड्युअल पेपकडून ऑटम बून. बाप चार वेगळे, आई एकच, आणि चारही नावं या खेळात मोठी. जिथे बाप बदलूनही दर्जा टिकतो, तिथे गुण आईकडून येतो आहे असं मानायला जागा असते. कॅटलॉगमध्ये हीच खूण शोधा. उलट एखाद्या घोडीची सगळी कमाई एकाच घोड्यापासून झालेल्या एकाच शिंगराची असेल, तर तेवढ्यावरून तिची पारख होत नाही.

आमच्याकडे माणदेशात खिलार खोंड घेणारा शेतकरी आधी त्याची आई दाखवायला सांगतो. तीच सवय इथे चालू ठेवा. शक्य असेल तर घोडी प्रत्यक्ष जाऊन पाहा. तिचे मागचे पाय, ढोपरं, खूर, श्वास, आणि तबेल्यात अनोळखी माणूस शिरल्यावर ती काय करते ते. स्पर्धेत ती कुणाच्या हाती होती तेही विचारा. व्यावसायिक शिक्षकाच्या हाताखाली मिळालेले गुण आणि हौशी मालकाला सांभाळून घेत मिळालेले गुण यांत फरक आहे, आणि नवख्या मालकाला दुसऱ्या प्रकारची घोडी जास्त उपयोगी पडते.

कॅटलॉगमध्ये वर्षांच्या साखळीत रिकाम्या जागा दिसल्या तर कारण विचारा. घोडी गाभण राहत नव्हती, शिंगरू गेलं, की ती त्या वर्षी स्पर्धेत होती? सोळा-सतरा वर्षांची स्वस्त घोडी पाहिली की गर्भाशयाची तपासणी आधी आणि भाव नंतर.

सातवं काम: केस उपटा आणि तपासणीला पाठवा

या लेखातलं सर्वांत महत्त्वाचं काम हेच. ते टाळणाऱ्याने घोडी भरवू नये असं मी स्पष्ट सांगतो.

पोको ब्वेनोच्या घराण्यातून जाण आली, तसा एक रोगही आला. त्याला हर्डा म्हणतात. अशा घोड्याची कातडी खालच्या थराला नीट धरून राहत नाही. शिंगरू लहानपणी अगदी निरोगी दिसतं. दोन वर्षांचं झालं, पाठीवर खोगीर चढलं की कातडी सैल होते, फाटते, जखमा भरत नाहीत. उपाय नाही. इतकी वर्षं वाढवलेलं, जीव लावलेलं जनावर कधीच स्वाराखाली येत नाही, आणि बऱ्याचदा त्याला दयामरण द्यावं लागतं.

रोग दिसण्यासाठी दोषी जनुक आई आणि बाप दोघांकडून यावं लागतं. एकाकडूनच आलं तर घोडा वाहक असतो. स्वतः ठणठणीत, कामात अव्वल, पण पुढे देणारा. स्मार्ट लिटल लीना स्वतः वाहक होता. हा दोष इतका पसरायला हेही एक कारण. दोष असलेलं जनुक २००७ मध्ये सापडलं. पुढे डेव्हिस इथल्या कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या संशोधकांनी मोजलं तेव्हा कटिंगच्या घोड्यांत वाहकांचं प्रमाण सुमारे २८ टक्के आढळलं, म्हणजे चारातल्या एकापेक्षा जास्त.

आता गणित सोपं आहे. दोघे निर्दोष असतील तर काळजी नाही. एक वाहक आणि एक निर्दोष असेल तर शिंगराला रोग होणार नाही, मात्र ते वाहक निघण्याची शक्यता निम्मी. दोघेही वाहक असतील तर दर शिंगरामागे चारात एक शक्यता रोगाची. ही जोडी कधीच लावायची नाही, भाव कितीही असो, नाव कितीही मोठं असो. वाहक घोडीला पैदाशीतून काढून टाकायचीही गरज नाही. तिला निर्दोष घोडा निवडा, म्हणजे तिचे गुण वाया जात नाहीत.

नोंदणी संस्थेने पैदाशीच्या नर घोड्यांना जनुकीय तपासणी सक्तीची केली आहे. हर्डाबरोबर त्यात आणखी रोग असतात. जीबीईडी हाही दोघांकडून यावा लागणारा, त्यात शिंगरू पोटातच किंवा जन्मानंतर काही आठवड्यांत जातं. पीएसएसएम-१, एमएच आणि एचवायपीपी हे स्नायूंचे दोष एकाच बाजूने आले तरी त्रास देतात. नंतर एमवायएचएम हा आणखी एक स्नायूंचा दोष यादीत आला. पण लक्ष द्या: ही सक्ती नरांना लावलेली आहे, मादीला ती लागू असेलच असं धरून चालू नका. तुमच्या घोडीची तपासणी तुम्हीच करून घ्यायची आहे. आयाळीचे वीस-तीस केस मुळासकट उपटून पाकिटात घालून प्रयोगशाळेला पाठवायचे, इतकं ते सोपं आहे. कापलेले केस चालत नाहीत, मूळ हवं. घोडी विकत घेताना विकणाऱ्याकडे रिपोर्ट नसेल तर व्यवहार रिपोर्ट येईपर्यंत थांबवा.

आठवं काम: घोडीला काय कमी आहे ते लिहून काढा, मग घोडा निवडा

बहुतेक लोक उलटं करतात. आवडता घोडा आधी ठरवतात. तुम्ही आधी तुमच्या घोडीबद्दल खरं खरं लिहा. थांबताना ती मागून नीट बसते का? जनावराला फार जवळून धरते की लांबून? तापट आहे का? हाडं नाजूक आहेत का? मग त्या उणिवा भरणारा घोडा शोधा. तापट घोडीला तापट घराण्याचा घोडा लावू नका, मग त्या घोड्याची कमाई कितीही असो. नाजूक ढोपरांच्या घोडीला ज्याची शिंगरं सात-आठ वर्षांची होऊनही स्पर्धेत टिकली आहेत असा घोडा बघा.

आणखी एक व्यवहाराची गोष्ट. चार वर्षांच्या घोड्यांची सुपर स्टेक्स ही मोठी स्पर्धा त्यासाठी नाव नोंदवलेल्या घोड्यांच्याच शिंगरांना खुली असते. करार करण्याआधी घोडा त्यात नोंदलेला आहे का विचारा. नसेल तर तुमच्या शिंगराला एक मोठं दार जन्माआधीच बंद झालेलं असेल.

नववं काम: करार आणि हंगाम

करारात भरवण्याची फी असते आणि तिच्याखेरीज वीर्य गोळा करून पाठवण्याचा खर्च वेगळा. काही ठिकाणी शूट फी म्हणून परत न मिळणारी रक्कम असते. जिवंत शिंगराची हमी म्हणजे नेमकं काय, तेही वाचा. बहुतेक ठिकाणी शिंगरू उभं राहून आईला प्यालं की हमी संपली. नाही तर पुढच्या वर्षी पुन्हा भरवण्याचा हक्क मिळतो, पैसे परत नाही.

सगळ्या शिंगरांचं वय नोंदणीसाठी १ जानेवारीपासून मोजतात. म्हणून फेब्रुवारी-मार्चमध्ये जन्मलेल्या शिंगराला मे-जूनच्या शिंगरापेक्षा वाढायला जास्त वेळ मिळतो. घोडी साधारण ३४० दिवस गाभण असते. दिवस मोठे झाल्यावरच ती नीट माजावर येते, त्यामुळे लवकर भरवायची असेल तर १ डिसेंबरच्या सुमारास तबेल्यात दिवे लावून तिला रोज एकूण १६ तास उजेड देतात. माज २१ दिवसांनी येतो आणि पाच ते सात दिवस राहतो.

आज बहुतेक काम गार करून पाठवलेल्या वीर्यावर चालतं. डॉक्टर सोनोग्राफीवर बीजांडाची पिशवी किती मोठी झाली ते पाहतात, इंजेक्शन देतात आणि त्या वेळेला पार्सल पोचेल अशी मागणी घालतात. नराचं वीर्य ठरावीक वारीच गोळा करतात, तेव्हा घोडीचा माज आणि त्यांचा वार जुळवणं हे तुमच्या डॉक्टरचं काम. गोठवलेलं वीर्य असेल तर बीजांड सुटल्यानंतर सुमारे सहा तासांच्या आत भरवावं लागतं, म्हणजे रात्रीअपरात्री तपासण्या. पहिल्या हंगामात ते नको.

भरवल्यानंतर १४ ते १६ दिवसांनी सोनोग्राफी चुकवू नका. जुळी असतील तर तेव्हाच एक काढता येतं. घोडीला जुळी झेपत नाहीत आणि उशीर झाला तर दोन्ही जातात, कधी घोडीही.

गर्भ काढून दुसऱ्या घोडीच्या पोटात वाढवण्याची पद्धत इथे सर्रास आहे, कारण त्यामुळे आई स्पर्धेत राहू शकते. क्लोनिंगही झालं आहे. रॉयल ब्लू बूनचं क्लोन २००६ मध्ये जन्मलं. मात्र क्लोनची नोंदणी संस्था करत नाही. त्यावर खटला झाला, २०१३ मध्ये ज्युरीने पैदासदारांच्या बाजूने कौल दिला आणि २०१५ मध्ये वरच्या न्यायालयाने तो फिरवला. तुम्हाला यातलं काहीही लगेच करायचं नाही, पण कागदावर दिसलं तर ओळखता यावं.

दहावं काम: शिंगरू आल्यावर

गाभणपणाच्या शेवटच्या तीन महिन्यांत घोडी फेस्क्यू गवताच्या कुरणात असेल तर तिथून हलवा. त्या गवतातल्या बुरशीने दूध आटतं आणि वार जाड होते. विण्याच्या वेळी एक, दोन, तीन लक्षात ठेवा: तासाभरात शिंगरू उभं राहावं, दोन तासांत प्यावं, तीन तासांत वार पडावी. यातलं एक चुकलं तरी डॉक्टरला फोन, सकाळची वाट पाहायची नाही. चीक पोटात गेला की नाही हे दुसऱ्या दिवशी रक्त तपासून कळतं. रक्तातल्या प्रतिपिंडांचा आकडा (आयजीजी) ८०० च्या खाली असेल तर डॉक्टर बाहेरून प्रतिकारशक्ती देतात.

नोंदणीला केसांचा नमुना पाठवताना त्याच पाकिटाबरोबर हर्डाची तपासणीही मागवा. नर-मालकाने तुमच्या घोडीची नोंद भरवलेल्या घोड्यांच्या अहवालात केली आहे का, ते मात्र भरवण्याच्याच वर्षी नोव्हेंबर संपण्याआधी विचारलेलं असू द्या. तो अहवाल ३० नोव्हेंबरपर्यंत द्यायचा असतो आणि त्याशिवाय शिंगराची नोंदणी अडकते.

मग दोन वर्षं शिंगराला कुरणात, इतर शिंगरांबरोबर, उंचसखल जमिनीवर वाढू द्या. दोन वर्षांचं झाल्यावर चांगल्या शिक्षकाकडे न्या, पण आधी ढोपरांचे आणि गुडघ्यांचे एक्स-रे काढून घ्या. साठ ते नव्वद दिवसांत शिक्षक सांगेल की गुरांकडे पाहून त्याचे कान उभे राहतात की नाही. नाही म्हणाला तर फ्यूचुरिटीसाठी त्याला रेटू नका. शनिवार-रविवारच्या लहान स्पर्धा, रँचवरचं काम, हौशी स्वाराला शिकवणारा शांत घोडा, यांना इथे कायम मागणी असते. आणि ते शिंगरू मादी असेल, तर तिच्या प्रत्येक स्पर्धेची, दुखण्याची आणि स्वभावाची नोंद एका वहीत तारखेसकट ठेवा. उद्या तिला भरवायची वेळ आली, तर आठव्या कामातली यादी लिहायला तुम्हाला तीच वही लागेल.